वर्ध्याचा उन्हाळी आहार

वर्ध्याचा उन्हाळी आहार : मार्चपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत वर्धा जिल्ह्यातील शेत, परसबाग, नदीपात्र आणि रान यांतून मिळणाऱ्या फळे-भाज्यांवर चालणारे रोजचे जेवण. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या या मुलखात भूक मंदावते आणि घामावाटे पाणी व क्षार जातात. म्हणून इथल्या ताटात या दिवसांत आंबट, पाणीदार आणि पचायला हलके पदार्थ वाढतात : कांदा घातलेली ज्वारीची आंबील, ताक, कैरीचे पन्हे, काकडी, ढेमसे, दोडके.

या ताटाची खरी मानकरी चिवळ. जमिनीसरशी पसरणारी, बारीक मांसल पानांची ही भाजी घोळीच्या कुळातली. पानांच्या बेचक्यांत माती अडकते, त्यामुळे तीन-चार पाण्यांतून काढल्याशिवाय कचकच जात नाही. भिजवलेली डाळ घालून ती परततात किंवा डाळीच्या वाटणात मिसळून तिचे मुटकुळे वाफवतात. घोळीत अल्फा-लिनोलेनिक हे उपयुक्त मेदाम्ल असते. चिवळ आणि घोळ या दोन्हींत ऑक्झलेटही असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या बेताने खाव्यात.

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नैवेद्यात पन्हे किंवा चिंचवणी असते आणि अनेक घरांत त्यानंतरच आंब्याचा रस सुरू होतो. त्यासोबत सरगुंडे, शेवया, कुरडया. आर्वी, आष्टी, कारंजा भागांतील मृग बहाराचा संत्रा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. रानातून टेंभरे (तेंदूची फळे) आणि चारे (चारोळीची फळे) येतात.

टरबूज व डांगर (विदर्भात डांगर म्हणजे खरबूज) ही मुळात नदीची पिके. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत ढिवर, भोई, कहार कुटुंबे खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरतात व बी लावतात. मुळे खालच्या ओलाव्यापर्यंत पोचतात आणि ऐन उन्हात फळ तयार होते. टरबुजात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. वाळूउपशाने अशी पात्रे खरवडली गेली की शेतीही जाते, आणि हे नुकसान वाळूच्या हिशेबात सहसा धरले जात नाही.

स्थानिक आणि हंगामी खाण्याचा विचार आधुनिक काळात ज्या ठिकाणी पद्धतशीर झाला, त्यांत वर्ध्याचे स्थान वरचे आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, वर्ध्यातील मगनवाडीत, त्याचे काम चालले. तेथे गांधीजींनी सामुदायिक स्वयंपाकघरात कच्चा हिरवा पाला, चिंच, कडुनिंबाची पाने यांचे प्रयोग केले आणि 1935 मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्यांवर लिहिले. मुळ्या-गाजरांचा जो पाला लोक फेकून देतात, तो गरिबाच्या ताटात असावा, हा त्यांचा आग्रह होता. 30 एप्रिल 1936 रोजी, भर उन्हाळ्यातच, ते शेगावला (पुढचे सेवाग्राम) राहायला गेले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी हाच धागा शेतीपर्यंत नेला. एक लाख लोकांना समतोल आहार मिळायचा तर धान्य, डाळी, भाज्या, फळे यांना किती जमीन द्यावी, याचा आराखडा त्यांनी मांडला. नगदी पिकांकडे झुकलेल्या आजच्या वर्ध्यासाठी तो पुन्हा वाचण्याजोगा आहे.

खाण्याचे नियम साधे आहेत. टरबूज घरी आणून धुऊन कापावे. उघड्यावर कापून ठेवलेल्या फोडी टाळाव्यात. फळ चावून खावे, साखर घातलेला रस हा त्याला पर्याय नव्हे. पन्ह्यात गुळाबरोबर मीठही हवे. मधुमेह असणाऱ्यांनी आंब्याच्या रसापेक्षा मोजक्या फोडी खाव्यात. भाकर, वरण, चिवळ आणि कैरीची चटणी हे जेवण स्वस्त आहे, पुरेसे आहे आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात याहून योग्य दुसरे नाही.