काशीची तिथि व पुण्याची तिथि

पेशवाईंतील कागद पाहणारास काशीहून आलेलें पत्र व पुण्याकडील टिपण शेजारीं ठेवून ताडण्याचा प्रसंग वारंवार येतो. प्रसंग एक, वार एक, परंतु तिथि निराळी असें आढळलें म्हणजे दोहोंपैकीं एक कागद बनावट ठरविण्याची घाई होते. एखाद्या सनदेचा खरेपणा अशा निर्णयावर अवलंबून असल्यामुळें, या दोन स्थळांच्या कालगणनेंतील अंतर येथें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

पुणें सुमारें ७३ अंश ५१ कला पूर्व रेखांशावर, तर काशी सुमारें ८३ अंशांवर आहे. दर अंशास ४ मिनिटें या हिशेबानें दोहोंत सुमारें ३६ मिनिटांचें, म्हणजे दीड घटकेचें देशांतर पडतें. संपातदिनीं काशीच्या घाटावर सूर्यास अर्घ्य दिल्यावर दीड घटकेनें मुळामुठेच्या कांठीं सूर्योदय होतो. अक्षांशभेदामुळें हें अंतर जूनअखेरीस सुमारें ५० मिनिटांपर्यंत वाढतें व डिसेंबरअखेरीस सुमारें २२ मिनिटांवर येतें.

घटका सूर्योदयापासून मोजीत. म्हणून प्रत्येक गांवचें घटिकापात्र त्या गांवापुरतेंच खरें. व्यवहारांत उदयकालीं असेल ती तिथि त्या दिवसाची. तिथ्यंत मात्र सर्वत्र एकाच क्षणीं होतो. समजा, संपाताच्या सुमारास नवमी काशीच्या सूर्योदयानंतर ५० पळांनीं, म्हणजे २० मिनिटांनीं, संपली. तेव्हां काशींत तो दिवस नवमीचा. परंतु पुण्यांत सूर्य उगवला तों दशमी लागलेली. दोन्ही लेखक खरें लिहितात, आणि तरी तिथि जुळत नाहीं.

यांत पंचांगभेदाची भर पडते. दक्षिणेंत गणेश दैवज्ञाचें शके १४४२ चें ग्रहलाघव रूढ झालें. काशीकडे शके १४०० चा मकरंद चाले. दोहोंचे तिथ्यंत तंतोतंत जुळतीलच असें नाहीं. शिवाय उत्तरेकडे मास पूर्णिमान्त, आपल्याकडे अमान्त; तिकडील वैशाख वद्य तो इकडील चैत्र वद्य. काशीवासी दक्षिणी गृहस्थानें कोणती गणना धरली, हें पत्रांतील अंतर्गत पुराव्यावरूनच ठरवावें.

तारा १ जानेवारी १९०६ पासून सुरू झालेला हिंदी प्रमाणकाळ साडेब्यायशी अंशांवरचा, म्हणजे जवळजवळ काशीचाच आहे. पुण्याचा स्थानिक काळ त्याच्या मागें सुमारें ३५ मिनिटें असतो. आजच्या घड्याळावरून जुन्या घटका काढतांना हा संस्कार विसरूं नये.

सारांश, तिथींत एका दिवसाचा भेद दिसल्यास प्रथम वार ताडावा, नंतर दोन्ही स्थळांचे सूर्योदय व तिथ्यंत काढावे, मासगणना पहावी. इतकें करूनही विरोध उरला, तरच कागदावर संशय घ्यावा.