कायदेशीर आणि रास्त : तुर्कांच्या चार शब्दांची गोष्ट

“सगळं कायदेशीर आहे.”

वीस वर्षं बातमीदारी करतोय. नगरपालिकेत, तहसीलमध्ये, पोलीस ठाण्यात, बिल्डरच्या पत्रकार परिषदेत हे वाक्य किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. वाक्य खोटं असतं असंही नाही. बहुतेक वेळा कागद खरोखरच बरोबर असतात. तरीही समोरचा माणूस म्हणतो, “कागद बरोबर असतील हो, पण हे बरोबर नाही.” दोघंही एकच शब्द वापरतात आणि दोघांच्या मनात वेगळं असतं.

घोळाचं एक कारण इंग्रजीतल्या ‘लीगल’ या शब्दात आहे. कायद्याने चालतं ते लीगल, कायद्याविषयीचं असतं तेही लीगल. ‘लीगल धंदा’ वेगळा, ‘लीगल नोटीस’ वेगळी. आपला ‘कायदेशीर’ही तसाच दोन्हीकडे चालतो. तुर्कस्तानात मात्र या एका शब्दासाठी निदान चार शब्द आहेत : कानूनी, मेश्रू, हुकुकी, यासाल. या चार शब्दांत त्या देशाचा पाचशे वर्षांचा इतिहास बसला आहे, आणि त्यातले बरेच शब्द आपल्या ओळखीच्या घरातले आहेत. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट.

पहिला शब्द ‘कानूनी’. मूळ ग्रीक, अर्थ मोजपट्टी. अरबीतून तो तुर्कीत गेला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. युरोप ज्याला ‘वैभवशाली सुलेमान’ म्हणतो, त्या सुलतानाला (कारकीर्द १५२० ते १५६६) तुर्क लोक आजही ‘कानूनी सुलेमान’ म्हणतात. कारण धर्मशास्त्राचा कायदा एका बाजूला ठेवून जमीन, महसूल, शिक्षा यांचे सुलतानी नियम त्याच्या काळात नीट बांधले गेले. हे नियम धर्माशी जुळवून घेण्याचं मोठं काम एबुस्सुऊद एफेंदी या धर्मपंडिताने केलं.

पण कानून म्हणजे राजाने काढलेला नियम. सुलेमानचा पणजोबा मेहमद दुसरा, ज्याने १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकलं, त्याच्या नावावरच्या कानूननाम्यात गादीवर बसणाऱ्याने राज्याच्या शांततेसाठी भावांना मारलं तर चालेल असं कलम आहे. १५९५ मध्ये मेहमद तिसरा गादीवर आला आणि त्याच्या १९ भावांना मारण्यात आलं. कानूनी होतं का? होतं. पुढे काय विचारायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

तो पुढचा प्रश्न म्हणजे दुसरा शब्द, ‘मेश्रू’. मूळ ‘शरा’, म्हणजे धर्माचा मार्ग. जे धर्माला मान्य ते मेश्रू. काळ गेला तसा धर्माचा रंग फिका झाला आणि अर्थ उरला : ज्याला लोकांचं मन मान्यता देतं ते. स्वसंरक्षणाला तुर्कीत ‘मेश्रू मुदाफा’ म्हणतात. उलट अर्थ हवा असेल तर पुढे ‘गैर’ लावतात, आपण गैरहजर म्हणतो तसंच. मराठीत याच्या सर्वात जवळचा शब्द माझ्या मते ‘रास्त’. रास्त भाव दुकानातला रास्त.

याच्यासारखाच ऐकू येणारा पण वेगळ्या मुळाचा शब्द म्हणजे ‘मेश्रूतियेत’. यात ‘शर्त’ आहे, तीच आपली अट-शर्त. राजाच्या सत्तेवर अटी घालणारी राजवट, म्हणजे घटनात्मक राजवट. १८७६ मध्ये उस्मानी साम्राज्याची पहिली राज्यघटना आली. सुलतान अब्दुल हमीदने १८७८ मध्ये संसद बंद केली आणि तीस वर्षं ती उघडली नाही. १९०८ मध्ये तरुण तुर्कांच्या उठावापुढे त्याला नमावं लागलं. २३ जुलैच्या रात्री घटना पुन्हा लागू करायचं ठरलं.

आता तारीख बघा. त्याच्या आदल्या रात्री, २२ जुलै १९०८ ला, मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, योगायोग आहे. पण प्रश्न एकच होता. शिक्षा कायदेशीर होती. कलम होतं, ज्यूरी होती, न्यायाधीश होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवून सांगितलं की ती रास्त नाही.

तिसरा शब्द ‘हुकुकी’. हुकूम नव्हे हं, गल्लत नको. ‘हक्क’ या शब्दाचं अनेकवचन ‘हुकुक’. तुर्कीत विधिशास्त्राला हुकुक म्हणतात. वकिलीचं शिक्षण देणारी विद्याशाखा म्हणजे हुकुक विद्याशाखा, आणि कायद्याचा सल्ला तो हुकुकी सल्ला. आपल्याकडे कायदा म्हटलं की आधी पोलीस आठवतो. त्यांच्या भाषेत त्याच्या मुळाशी हक्क आहेत, तेही अनेकांचे. प्रत्यक्षात तसं घडतं का हा भाग वेगळा, पण शब्दाने निदान आठवण तरी राहते.

चौथा ‘यासाल’, हा वयाने सर्वात तरुण. मुस्तफा कमाल अतातुर्कने १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा आणला, १९२८ मध्ये अरबी लिपी काढून रोमन आणली, आणि १९३२ मध्ये भाषेतून अरबी-फारसी शब्द काढण्यासाठी संस्था उभी केली. आपल्याला हे नवं नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, सावरकरांनी भाषाशुद्धी मांडली. तुर्कांनी ‘कानून’ला पर्याय म्हणून ‘यासा’ उचलला. चंगीझखानाच्या कायद्याला हेच नाव होतं. त्यावरून यासाल. गंमत म्हणजे त्याच कुळातल्या ‘यासाक’ शब्दाचा अर्थ ‘मनाई’. १९४५ मध्ये राज्यघटनेचं नाव ‘आनायासा’ झालं. आना म्हणजे आई, म्हणून आईकायदा. १९५२ मध्ये सरकार बदलल्यावर जुनी भाषा परत आणली, १९६१ मध्ये पुन्हा आनायासा. ‘कानून’ मात्र गेला नाही. आजही तिथल्या कायद्यांच्या नावात कानूनच असतो.

आता हे चार शब्द एकमेकांशी भांडले तो प्रसंग.

अदनान मेंदेरेस १९५० पासून तीन निवडणुका जिंकून पंतप्रधान होते. एप्रिल १९६० मध्ये त्यांच्या बहुमताने संसदेत एक चौकशी समिती नेमली. सगळे सदस्य त्यांच्याच पक्षाचे. तिला वृत्तपत्रं बंद करण्याचे आणि लोकांना अटक करण्याचे अधिकार दिले. संसदेने मंजूर केलं, म्हणजे यासाल. महिनाभरात, २७ मे ला, लष्कराने सत्ता घेतली. बंड हे कोणत्याच कायद्यात बसत नाही. म्हणून लष्कराने कायद्याचे प्राध्यापक बोलावले. त्यांनी लिहून दिलं की सरकार निवडून आलेलं असलं तरी वागणुकीने त्याने आपली मेश्रूता गमावली आहे. मग नव्या राजवटीने खास न्यायालय नेमलं, मार्मारा समुद्रातल्या यास्सीआदा बेटावर खटला चालवला, १५ जणांना फाशी सुनावली. तिघांना ती दिली. मेंदेरेस यांना १७ सप्टेंबर १९६१ ला.

सरकारने कायद्याच्या आडून रास्तपणा मोडला. लष्कराने रास्तपणाच्या नावाने कायदा मोडला, आणि लगेच नवा कायदा करून माणसं फासावर चढवली. १९९० मध्ये त्याच मेंदेरेस यांचे अवशेष सन्मानाने इस्तंबूलला आणले. २०२० मध्ये संसदेने त्या खटल्याचा कायदेशीर आधारच रद्द केला. साठ वर्षांनी. मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

ही नुसती राजकारणाची गोष्ट नाही. परवान्याशिवाय बांधलेल्या इमारतीला तुर्क ‘काचाक’ म्हणतात, म्हणजे पळालेली, चुकवलेली. आकडा टाकून घेतलेली वीजही काचाकच. २०१८ मध्ये सरकारने अशा बांधकामांशी ‘शांतता’ केली. मालकाने स्वतः माहिती भरायची, पैसे भरायचे, नोंदणीचा कागद घ्यायचा. इमारत भूकंपात टिकेल का, ही जबाबदारी मालकाची. गुंठेवारी शब्द ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. ६ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण तुर्कस्तानात भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांहून जास्त माणसं गेली. पडलेली प्रत्येक इमारत त्या योजनेतली होती असं कुणी म्हणू नये. निकृष्ट बांधकाम आणि ढिली तपासणी हे जुनं दुखणं. पण कागद मिळाल्याने खांबातलं लोखंड वाढत नाही, एवढं तरी तिथे सगळ्यांना दिसलं.

हे लिहायचं कारण साधं. रास्तपणाच्या नावाने कायदा गुंडाळून ठेवा असं मी म्हणत नाही. यास्सीआदा बेटाने त्याची किंमत दाखवली आहे. आणि कायद्यात बसतं म्हणून गप्प बसा असंही नाही, १९ भावांची गोष्ट वर आहेच. दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोन्ही विचारावे लागतात.

पुढच्या ग्रामसभेत, पालिकेच्या सभेत कुणी “सगळं कायदेशीर आहे” म्हणालं, तर कागद जरूर बघा. कागद बघून झाला की खाली बसू नका. उभ्या उभ्याच दुसरा प्रश्न विचारा : “साहेब, हे रास्त आहे का?”

पटलं नाही तर खाली लिहा. वाद घालू, पण मुद्द्यावर.