‘जर’ आणि ‘तर’ यांचा इतिहास

संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाला प्रोग्रॅमर म्हणतात. त्याची विचार करण्याची एक विशिष्ट रीत असते आणि ती रोजच्या अडचणी सोडवण्यासही उपयोगी पडते, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. ते खरेच आहे. पण ही रीत मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारतींत जन्मली आणि तेथून आता आपल्याकडे यावयाची आहे, असा जो समज त्याबरोबर पसरतो, तो मात्र खरा नाही. हातांनी काम करणाऱ्यांच्या धंद्यांत ती फार आधी रुजली होती. सोलापूरच्या मागावर आणि आमच्या होटगीच्या स्टेशनात तिच्या खुणा आहेत. त्या आज आपण पाहू.

प्रथम ही रीत म्हणजे काय? यंत्राजवळ सबुरी अपार, पण समज मुळीच नाही. ‘नेहमीसारखे करून टाक’ असे त्याला सांगून भागत नाही. म्हणून मोठे काम लहान पायऱ्यांत फोडावे लागते. पायऱ्यांचा क्रम ठरवावा लागतो. ‘जर असे झाले तर हे करावे, नाही तर ते करावे’ ही अट आधीच घालावी लागते. आणि काम बिघडलेच, तर कोणत्या पायरीवर बिघडले ते शोधावे लागते. अशा क्रमवार कृतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून तो शब्द आला. आणि त्याने जे अंकगणित लिहिले, ते भारतीय अंकांचे होते.

आता मागाकडे वळू. फ्रान्समधील लियाँ शहरात जकार याने १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यात नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवलेली असे. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी काढावयाची, मग बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक पत्ता तयार करावयाचा. पत्त्यावर जेथे भोक, तेथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नाही, तेथे सुई अडते आणि धागा खालीच राहतो. ‘जर भोक, तर वर, नाही तर खाली.’ सोलापुरी चादरीवरची वेलबुट्टी याच जकार्डावर उतरली. इंग्लंडात बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते उचलले, आणि एडा लव्हलेस यांनी १८४३ साली त्या यंत्राने गणित कसे करावे याच्या पायऱ्या लिहून प्रसिद्ध केल्या. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हॉलरिथने भोकांच्या पत्त्यांवर माणसे मोजली. म्हणजे संगणकाच्या घराण्यात माग हा आजोबा लागतो!

जाणता विणकर या मागावर दोष कसा शोधतो, ते पाहण्यासारखे आहे. चूक नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी आली, तर दोष पत्त्यात. एकदाच आली, तर धागा तुटला असेल. पहिल्या वेळी पत्ता बदलावा, दुसऱ्या वेळी धागा सांधावा. एवढे एक सूत्र पदरी बांधले, तरी माणसाचे पुष्कळ भांडण वाचेल.

पण ‘जर-तर’ची खरी कसोटी जेथे जिवाशी गाठ असते, तेथे लागते. रेल्वे सोलापूरला १८६० साली आली आणि पुढे १८७१ साली रायचूरला मद्रासकडच्या मार्गाला मिळाली. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वेचा मीटर रुंदीचा मार्ग होटगीहून विजापुरावरून गदगला गेला. एक रूळ साडेपाच फुटी, दुसरा सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे माल हमालांच्या पाठीवरून बदलावा लागे. पुढे तो मार्गही रुंद झाला.

अशा जंक्शनात सांधा आणि सिग्नल यांचा मेळ माणसाच्या स्मरणावर सोडून चालत नाही. म्हणून केबिनमधल्या तरफाच एकमेकींत अडकवण्याची युक्ती निघाली. सांधा योग्य मार्गाला लागलेला नसेल, तर सिग्नलची तरफ ओढताच येत नाही. एकेरी मार्गावर ड्रायव्हरला गोळा मिळाल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नसे, आणि दोन स्टेशनांची यंत्रे तारेने अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नसे.

ही शहाणीव स्वस्तात आली नाही. आयर्लंडमध्ये आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी सहलीची एक गाडी चढावर अडली. ती तोडून पुढचे डबे नेत असता मागचे डबे उतारावरून घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ. त्या मार्गावर गाड्या ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडीत. घड्याळ पुढे सरकले म्हणजे गाडीही पुढे सरकली, असे गृहीत धरलेले! त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. पुढचा टप्पा मोकळा असल्याखेरीज गाडी सोडावयाची नाही, हे तत्त्व आणि आपोआप लागणारे ब्रेक उतारूंच्या गाड्यांना सक्तीचे झाले. कोणा एका नोकराला शिक्षा करून पुढचा अपघात टळला नसता. पत्ता बदलावा लागला.

कामगार संघटनेच्या कामात आम्ही हीच रीत वापरतो. विड्या वळणारी बाई येते आणि म्हणते, ‘दादा, मजुरी कमी पडते.’ लगेच घोषणा देऊन काय होणार? आम्ही विचारतो : पाने आणि तंबाखू किती मिळाली? विड्या किती झाल्या? नापास म्हणून किती काढल्या? हजारी दर कोणता लावला? कापले कशाकशापोटी? कित्येकदा दर बरोबर असतो आणि खोट पहिल्याच पायरीवर सापडते. पानेच कमी दिलेली असतात, आणि उरलेली बाईने पदरच्या पैशांनी आणलेली असतात. मग शेजारच्या दहा घरी विचारावयाचे. एकाच घरी फरक निघाला, तर नोंद चुकली. ती दुरुस्त करून घ्यावी. सर्व घरी निघाला, तर दोष पत्त्यात. तेथे अर्ज पुरत नाही, तेथे संघटना लागते.

मात्र ही रीत आंधळी आहे, हेही सांगितले पाहिजे. कसे करावे ते ती सांगते. कोणासाठी करावे ते सांगत नाही. जकारच्या मागाने दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाचे काम गेले, त्याची नोंद पत्त्यावर नव्हती. आपल्याकडे आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला साठीच्या दशकात विरोध केला, त्यामागे हीच धास्ती होती. १९६९ साली सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांतील संघटनांनी १९८३ साली करार करून यंत्रे कोठे आणि किती, याला मर्यादा घालून घेतल्या. म्हणजे ‘यंत्र नको’ येथून कामगार ‘अटी आम्हांला दाखवा’ येथवर आला.

ती मागणी आज अधिकच निकडीची आहे. घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलाला कोणते काम मिळावे, त्याचे किती पैसे पडावेत, हे आज्ञावली ठरवते. तिच्यातले ‘जर’ आणि ‘तर’ त्याला दिसत नाहीत. विणकराला पत्ता डोळ्यांनी दिसत होता, बोटांनी चाचपता येत होता. केबिनवाल्याला तरफांचे नियम पाठ असत. ज्या नियमावर आपले पोट चालते, तो नियम वाचता आला पाहिजे. आणि तो वाचण्याची विद्या प्रत्येक कामगाराच्या मुलामुलींना मिळाली पाहिजे. मग सगळीच मुले प्रोग्रॅमर झाली नाहीत तरी चालेल. समोर चूक आली असता दोष धाग्यात आहे की पत्त्यात, एवढे त्यांना ओळखता आले म्हणजे पुरे.