मिष्टान्नगंधी परफ्यूम : गोडवा आणि त्याचा कडवट आधार

व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट आणि पिकलेली फळे यांची आठवण करून देणाऱ्या परफ्यूमना सुगंधव्यवसायात 'गूरमाँ', म्हणजे खवय्यांसाठीचे, असे म्हणतात. हा वर्ग स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला तो १९९२ नंतर. तथापि त्याची पायाभरणी एकोणिसाव्या शतकातील रसायनशाळांत झाली होती. या वाटचालीत गोड वास निर्माण करण्याचे काम रसायनशास्त्राने केले, तर तो गोडवा अंगावर सुसह्य ठेवण्यासाठी सुगंधकारांनी कडवट, तुरट आणि मातकट द्रव्यांचा आधार घेतला, आणि या वर्गाचे खरे कर्तृत्व या दुसऱ्या कामातच आहे.

नैसर्गिक व्हॅनिला एका ऑर्किडवेलीच्या शेंगांपासून मिळते. तिच्या फुलांचे हाताने परागीभवन करण्याची सोपी रीत एदमाँ आल्बियुस या गुलामगिरीत वाढलेल्या बारा वर्षांच्या मुलाने १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर शोधून काढली आणि तेव्हापासून या पिकाचा प्रसार झाला, परंतु शेंगा महागच राहिल्या. पुढे विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कूमारिन, म्हणजे वाळत्या गवताचा बदामी छटेचा वास देणारे द्रव्य, प्रयोगशाळेत तयार केले, तर १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी पाइन वर्गातील वृक्षांच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक, मिळवला. एमे गेर्लाँ यांनी १८८९ च्या 'झिकी'मध्ये ही दोन्ही द्रव्ये वापरली आणि त्यांचा गोडवा लॅव्हेंडरच्या औषधी, कोरड्या वासाने आवरला. झाक गेर्लाँ यांच्या 'मित्सुको'त (१९१९) पीचसारखा वास देणारे कृत्रिम द्रव्य ओक वृक्षावरील दगडफुलाच्या तुरट, ओलसर वासावर बसवलेले आहे, आणि त्यांच्याच 'शालिमार'मध्ये व्हॅनिलिनहून तीव्र असलेल्या एथिल व्हॅनिलिनच्या जोडीला बर्गमॉट या आंबट-कडवट लिंबूवर्गीय फळाचे तेल भरपूर आहे.

या परंपरेला निर्णायक वळण मिळाले ते एथिल माल्टॉलमुळे. पाक करपण्याच्या बेतात असताना जो वास सुटतो, किंवा जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल' या साखरेच्या कापसाला जो वास येतो, तो देणारे हे कृत्रिम द्रव्य आधी खाद्यपदार्थांना स्वाद देण्यासाठी प्रचारात आले होते. फॅशन-रचनाकार तिएरी म्युग्लेर यांना बालपणीच्या जत्रेतील मिठायांचा गंध परफ्यूममध्ये हवा होता; त्यानुसार १९९२ मध्ये बाजारात आलेल्या 'एंजल'मध्ये सुगंधकार ऑलिव्हिए क्रेस्प यांनी एथिल माल्टॉल ठळकपणे वापरले आणि त्याच्यासमोर तितक्याच ठळक प्रमाणात पॅचुली उभी केली. मराठीत पाच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या कुळातील या झुडपाचा मातकट, कापरासारखा वास युरोपला परिचित झाला होता तो एकोणिसाव्या शतकात, कारण भारतातून जाणाऱ्या काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने घालत असत. पाण्यासारख्या हलक्या, स्वच्छ वासांचा बोलबाला असलेल्या त्या वर्षांत 'एंजल' अनेकांना असह्य वाटले, तरी त्याच्या यशाने एक नवा वर्ग रूढ झाला.

असे परफ्यूम अंगावर कसे उलगडते, हे त्यातील द्रव्यांच्या बाष्पनशीलतेवर, म्हणजे हवेत उडून जाण्याच्या वेगावर, अवलंबून असते. टिपकागदाच्या पट्टीवर थेंब टाकला की फळांचा रसाळ वास देणारे हलके एस्टर आधी उडतात. त्यानंतर कॅरॅमलचा वास पुढे येतो आणि अखेरीस व्हॅनिलिन व पॅचुली हीच मागे उरतात. कापडावर तर पॅचुली दुसऱ्या दिवशीही जाणवते. उष्ण हवेत हीच द्रव्ये जोमाने दरवळत असल्यामुळे, थंडीत ऊबदार वाटणारा गोडवा उन्हाळ्यात जड होतो आणि मात्रा कमी ठेवावी लागते.

एकविसाव्या शतकात फळ आणि मिठाई यांची जोडी सर्वत्र पसरली; २०१२ च्या 'ला व्ही ए बेल'मध्ये साखरेत घोळलेल्या सुक्यामेव्याचा वास आयरिसच्या भुकटीसारख्या कोरड्या वासाने आणि पुन्हा पॅचुलीनेच तोलला आहे. म्हणून या वर्गातील परफ्यूमचे मोल पहिल्या फवाऱ्यातील फळांवरून ठरवणे अपुरे ठरते. फळे उडून गेल्यावर साखरेला तोलून धरणारे काही त्यात शिल्लक राहते की नाही, यावरच त्याची खरी पारख होते.