गंडालू : चार ‘लूं’ची चौकडी

‘गंडा’ म्हटले की मराठी वाचकाला एकतर फसवणूक आठवते, नाहीतर गुरूने शिष्याच्या मनगटावर बांधलेला दोरा. बंगालीत गंडा म्हणजे चाराचा गट. कालू, मालू, बुलू आणि टुलू अशी चार ‘लू’ एकत्र आली, की त्यांचे होते ‘गंडालू’. नलिनी दास यांनी कलकत्त्याच्या ‘संदेश’ मासिकातून वाढवलेल्या या शाळकरी गुप्तहेर मुलींच्या नावातच विनोद आहे. त्याचा दंडही वाचकाला भरावा लागतो : मालू कुठे संपली आणि बुलू कुठे सुरू झाली, हे पोक्त वाचकाला पाने उलटी चाळून पाहावे लागते. बालवाचकांना असा त्रास होत नसावा.

‘संदेश’ हे राय घराण्याचे अपत्य. उपेंद्रकिशोरांनी ते १९१३ साली काढले, नातू सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले. नलिनीबाई सत्यजितांच्या आतेबहीण. पुढे त्यांच्या आणि लीला मजुमदारांच्या जोडीने संपादिकाही झाल्या. १९६५ पासून याच मासिकात फेलूदा अवतरला. त्याच्या कथाविश्वात स्त्रिया शोधण्यासाठीच एखादा गुप्तहेर नेमावा लागेल! त्याच मासिकाच्या पानांवर आतेबहिणीच्या चार मुली मात्र बिनदिक्कत चोरांच्या मागावर होत्या.

खरी तुलना करायची ती टेनीदाशी. नारायण गंगोपाध्यायांची ही चौकडीही चौघांचीच. पण ती पटलडांग्यातल्या एका घराच्या ओट्यावर दिवसभर गप्पा ठोकू शकते. आपल्या फास्टर फेणेला सायकल पुरते. त्या काळच्या मध्यमवर्गीय मुलीला ओटाही नव्हता नि संध्याकाळनंतरचा रस्ताही नव्हता. म्हणून नलिनीबाईंनी त्यांना वसतिगृह दिले. एनिड ब्लायटनच्या इंग्रज मुलींसाठी निवासी शाळा ही घराण्याची रीत होती. इथे घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेपलीकडे चार मुलींनी एकत्र राहण्याची ती जवळजवळ एकमेव सभ्य सबब ठरते. बेथून महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या लेखिकेला ही सबब अर्थातच नेमकी ठाऊक होती.

कथानकांबद्दल फार भाबडे होण्याचे कारण नाही. पछाडलेली घरे, मध्यरात्रीचे घोडेस्वार ही सामग्री शीर्षकांपासूनच ओळखीची वाटते, आणि योगायोग तर या मुलींच्या दिमतीलाच असतात. मोल आहे ते निवेदनाचे. वॉटसन, व्योमकेशचा अजित, फेलूदाचा तोपशे हे सारे एका थोर पुरुषाचे भाट. गंडालूंची हकीकत टुलू सांगते. ती स्वतः त्या चारांतलीच एक. कालूची बुद्धी सर्वांत तल्लख, हे तिला मान्य आहे, पण कोडे सुटले की ती ‘कालूने सोडवले’ म्हणून थांबत नाही. तिच्या तोंडी ‘आम्ही’ येते.