नगराची कचेरी : मुंबई महापालिकेची वास्तू

भिलाईवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना एकोणिसाव्या शतकातील शासकीय वास्तुकलेची दोन भिन्न रूपे पाहावयास मिळतात. पूर्वेस, कोलकात्यात, रायटर्स बिल्डिंग आहे. कंपनीच्या कारकुनांसाठी बांधलेल्या या साध्या इमारतीला १८८० च्या दशकात युरोपीय प्रबोधनकाळाची आठवण करून देणारा दर्शनी भाग लाभला : कोरिंथियन स्तंभ, त्रिकोणी शिखर आणि त्यावर रोमन विद्यादेवी मिनर्व्हा. राज्यकर्त्यांच्या कचेरीला शोभेल असाच हा थाट होता.

पश्चिमेच्या टोकाला असलेली कचेरी मात्र नगराची होती. स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ९ डिसेंबर १८८४ रोजी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची कोनशिला बसविली. प्रत्यक्ष बांधकामास २५ एप्रिल १८८९ रोजी आरंभ झाला व १८९३ मध्ये ते पूर्ण झाले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, नुकतेच सिद्धीस नेले होते. येथे त्यांनी गॉथिक कमानींना पौर्वात्य घुमटांची जोड दिली. दोन रस्त्यांमधील निमुळत्या जागेचा त्यांनी असा उपयोग केला की, २५५ फूट उंचीचा मनोरा थेट चौकाला सामोरा जातो. दर्शनी शिखरावरील पंखधारी मूर्ती ‘हिंदुस्थानातील प्रथम नगरी’ या मुंबईच्या अभिमानाचे प्रतीक आहे.

या वास्तूचे श्रेय एकट्या स्टीव्हन्स यांचे नव्हे. देखरेख करणारे अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि कंत्राटदार व्यंकू बालाजी यांची नावेही तिच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये होता. काम ११,१९,९६९ रुपयांत झाले. करदात्यांच्या पैशातून ६८,११३ रुपये वाचले. लोकांच्या कचेरीला यापरते मोठे भूषण कोणते?

तथापि दगड घडविणाऱ्या पाथरवटांची आणि पहाडावर चढलेल्या गवंड्यांची नावे कोठेच आढळत नाहीत. भिलाईसारखे, असंख्य श्रमिकांच्या हातांनी उभे राहिलेले नगर ज्यांनी आपले मानले, त्यांना ही उणीव विशेष जाणवेल. वास्तूचा इतिहास लिहिताना शैलीइतकेच त्या हातांचेही स्मरण ठेवणे, हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य आहे.