लोणीच्या रस्त्यावरची काळी सायकल

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १८ किलोमीटर गेले की लोणी काळभोर लागते. संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे सोडल्यावर पहिला मुक्काम इथे करते. राज कपूर यांची 'राजबाग' इथलीच, आणि आज त्याच परिसरात डिझाइन शिकवणारी संस्थाही आहे. पालखीच्या मुक्कामाची आणि राजबागेची आठवण सर्वांना असते. त्या १८ किलोमीटरांची मात्र कुणी काढत नाही.

जड सायकलवर १८ किलोमीटर म्हणजे साधारण दीड तास. पहाटे निघावे, शहरात दूध घालावे किंवा भाजी पोहोचवावी आणि ऊन तापण्याच्या आत परतीला लागावे, असे हे अंतर. पूर्व हवेलीतल्या गावांचे पुण्याशी असलेले नाते कित्येक वर्षे या हिशेबावर चालले. रेल्वे होतीच, पण रेल्वे तिच्या वेळापत्रकाने धावते आणि म्हशीचे वेळापत्रक वेगळे असते.

ती सायकल म्हणजे काळी, उंच, लोखंडी, दांडीच्या ब्रेकची 'रोडस्टर'. आज हीच सायकल भंगारवाल्याकडून उचलली जाते, घासून रंगवली जाते, तिला रुंद हँडल, तपकिरी सीट आणि जाडजूड टायर बसवले जातात आणि 'व्हिंटेज क्रूझर' म्हणून तिची छायाचित्रे झळकतात. हौस उत्तमच आहे. घोटाळा वंशावळीत आहे, कारण क्रूझर आणि रोडस्टर ही दोन वेगळी घराणी आहेत.

क्रूझरचा जन्म शिकागोचा. इग्नाझ श्विन या जर्मन स्थलांतरिताने १८९५ मध्ये तिथे भागीदारीत सायकलींचा कारखाना काढला. १९३० च्या दशकातील महामंदीत धंदा बसला. अमेरिकेतील प्रौढ माणूस तोवर मोटारीत जाऊन बसला होता. सायकलला गिऱ्हाईक उरले ते मुलांचे. इग्नाझचा मुलगा फ्रँक श्विन याने जर्मनीत पाहिलेला फुगीर 'बलून' टायर अमेरिकेत आणला आणि १९३३ मध्ये २६ इंची, सव्वादोन इंचांच्या आसपास जाडीच्या टायरची सायकल बाजारात उतरवली. तिचे नावच 'मोटरबाइक' होते. या घराण्यातल्या सायकलींच्या दोन दांड्यांमध्ये पेट्रोलच्या टाकीसारखा दिसणारा पत्र्याचा डबा बसवण्याची रीत पडली. त्यात पेट्रोल अर्थातच नसे. म्हणजे आज ज्याला जुन्या काळचा अस्सल थाट म्हणतात, तो त्या काळीही एक सोंगच होता: मोटारसायकल न परवडणाऱ्या मुलासाठी घेतलेले मोटारसायकलचे सोंग. विक्री मात्र जोरात झाली.

रोडस्टरला असे सोंग परवडणारे नव्हते. जॉन केम्प स्टार्ली याच्या १८८५ च्या 'रोव्हर'पासून दोन समान चाके आणि मागच्या चाकाला चेन ही रचना रूढ झाली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि पुढच्या काही दशकांत इंग्रजी कारखान्यांनी या रचनेला वसाहतींच्या कच्च्या रस्त्यांसाठी पक्के रूप दिले. तिच्या प्रत्येक अवयवामागे कारण आहे. चाक २८ इंची, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते. चिमटा आणि सीटची नळी मागे कललेली, कारण त्यामुळे सायकल लांब होते आणि धक्का थेट हाताला व कण्याला बसत नाही. चेनवर पूर्ण झाकण, कारण धोतर आणि धूळ या दोहोंपासून चेन वाचवायची. पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०, कारण ओझे मागे असते.

खरी गंमत ब्रेकची आहे. आजच्या सायकलचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतो. रोडस्टरचा ब्रेक दांड्यांच्या साखळीने वर ओढला जातो आणि त्याचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडे तोंड असलेल्या अंगाला टेकते. चाक थोडे 'आउट' असले तरी तो चालतो. त्यात गंजून तुटणारी केबल नाही, आणि बिघडला तर पाना व पक्कड एवढ्या भांडवलावर रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतो. पावसात मात्र ओल्या क्रोमवर तो फारसा पकडत नाही, आणि जुने सायकलस्वार उतारावर पाय का टेकवत, याचे उत्तर इथे मिळते.

या सायकलीत फेरफार करणे ही नव्या पिढीची कल्पना आहे, असेही मानू नये. दूधवाल्यांनी ती फार आधी केली. त्यांच्यासाठी वर दोन समांतर नळ्या असलेली 'डबल दांडी'ची फ्रेम आली, मागे रुंद, जाड सळईचे कॅरिअर आणि दोन्ही अंगांना किटल्या अडकवण्यासाठी आकडे. शिवाय हौसही होती: हबभोवती फिरत राहून तो चकचकीत ठेवणारी रंगीत झुलपी, झालरीचे सीट कव्हर, डायनॅमोचा दिवा, चेनकव्हरवर पेंटरकडून लिहून घेतलेले मालकाचे किंवा देवाचे नाव. पत्र्याच्या खोट्या टाकीपेक्षा ही सजावट प्रामाणिक होती, असे म्हटले तर शिकागोवर अन्याय होणार नाही.

प्रारंभी या सायकली इंग्लंडहून येत. हर्क्युलिस, बीएसए, रॅले, हंबर ही नावे घरोघरी ठाऊक होती. मुंबईत हिंद सायकल्सने देशी उत्पादन केले. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो असे कारखाने उभे राहिले. नमुना मात्र सगळ्यांनी तोच ठेवला, आणि म्हणूनच अर्धशतकाच्या अंतराने बनलेल्या दोन सायकलींचे सुटे भाग बऱ्याचदा एकमेकींना चालतात. पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने पायडलवाली लूना आणली, आकुर्डीहून बजाजच्या स्कूटर निघतच होत्या, आणि सायकल हळूहळू गरिबाची, मग पोराटोरांची झाली. १९८० मध्ये संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. त्याने त्या वाचल्या नाहीत. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

आता रोडस्टरपासून क्रूझर बनवताना नेमके काय होते, ते पाहावे. २८ इंची रोडस्टरच्या रिमचा व्यास, जिथे टायर बसतो तिथे, ६३५ मिलिमीटर असतो. २६ इंची बलून टायरच्या रिमचा ५५९. त्रिज्येत फरक पडला ३८ मिलिमीटरचा. ब्रेकचे रबर तेवढे अंतर गाठू शकत नाही, म्हणून दांडीचे ब्रेक पहिल्याच दिवशी भंगारात जातात. दोन इंचांहून जाड टायर मागच्या चिमट्यात मावत नाही. मग चिमटा पसरवला जातो, मडगार्ड कापले जाते. चाक लहान झाल्याने पायडल जमिनीजवळ येते आणि वळणावर घासते. क्रूझरला हवा असलेला, पायडल उलटे मारून लागणारा ब्रेक बसवायचा तर मागचा हबही बदलावा लागतो. शेवटी मूळ सायकलीतली फ्रेम तेवढी उरते, तीही कापलेली.

यात पाप नाही. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीच्या तरुणांनी १९७० च्या दशकात श्विनच्याच जुन्या फ्रेमना मजबूत ब्रेक लावून डोंगरउतारावर शर्यती लावल्या. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीचे नाव 'रिपॅक', कारण दर उतारानंतर मागच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्या मोडतोडीतून माउंटन बाइक जन्माला आली. पण त्यांच्याकडे जुन्या श्विन ढिगाने पडून होत्या. दूधवाल्याची डबल दांडी आता तशी राहिलेली नाही.

आणि इथे जतनाचा प्रश्न येतो. पुण्यातच कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय २०१७ पासून लोकांसाठी खुले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकल तिथे पाहता येते. एका माणसाच्या हौसेने पुण्याला असे दालन मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. एरवी संग्राहकांच्या बाजारात परदेशी नाममुद्रेला भाव असतो. लुधियान्याची काळी सायकल किलोवर विकली जाते. जी सायकल सर्वाधिक लोकांनी वापरली, तीच जपण्याजोगी वाटत नाही.

तिच्यावर लिहिलेले वाचायला मात्र फार काही लागत नाही. सीटच्या नळीजवळ ठोकलेला फ्रेम नंबर रंगाच्या थरांखाली असतो. रॉकेलचा बोळा आणि नख पुरते. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्याच्या कवचावर बनावटीच्या वर्षाचे आकडे बहुधा सापडतात. अर्थात हब नंतर बदललेला असू शकतो, त्यामुळे तो साक्षीदार एकट्याने विश्वासार्ह नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेत आणि कर भरल्याचा धातूचा बिल्ला देत. कधी हँडलजवळ तो अजून लटकलेला असतो, आणि त्यावर गाव व वर्ष असते. कारखान्यात ओढलेल्या सोनेरी रेघा मडगार्डच्या आतल्या कडेला टिकून राहतात. वाळूचा मारा करून पावडर कोटिंगच्या भट्टीत फ्रेम गेली की रेघा जातात आणि नंबरही बुजतो.

कॅरिअरची डावी-उजवी सळई मात्र रंगानंतरही बोटाला कळते. किटलीचा आकडा जिथे रोज अडकत असे, तिथे लोखंड झिजून खाच पडलेली असते.